गच्चीवरची बर्फाची लादी

डिसेंबरातल्या एका शनिवारी आमच्या नोएडातल्या सोसायटीच्या सर्व्हिस लिफ्टमधून बर्फाची अख्खी लादी वर गेली. गोणपाटात गुंडाळलेली, ठिबकणारी. गार्डने लिफ्टचं दार धरून मला विचारलं, "आंटीजी, घर में शादी है?"

"नहीं भैया, इम्तिहान है," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लादीकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. या वयाचा हा मोठा फायदा. माणसं दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

परीक्षा होती माझ्या नातीची. ती इथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिचे आईवडील पुण्याला. मी तिच्याकडे राहते की ती माझ्याकडे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. भाडं ती भरते, पण स्वयंपाकघर माझं आहे. जानेवारीत तिला गढवालातला एक डोंगर चढायचा होता. वर हिमनदी असलेला. नाव मला पाठ आहे, पण सांगणार नाही. उगाच दृष्ट लागायची. बरं, जायचं तेही उन्हाळ्यात नाही, ऐन थंडीत. तेव्हा म्हणे कड्यावरचा बर्फ काचेसारखा कडक होतो आणि त्याची उभी भिंत तयार होते. दोन हातांत दोन कुऱ्हाडी घ्यायच्या (आइस ॲक्स म्हणायचं, कुऱ्हाड म्हटलं की नात डोळे वटारते), बुटांच्या तळाला लोखंडी दात बांधायचे, आणि ठोकत-टोचत त्या भिंतीवरून वर जायचं. पालीसारखं. पण पालीला निदान शेपूट तरी असते तुटायला.

तिला नेणार की नाही, हेच अजून ठरलं नव्हतं. ते ठरवणार होती तिची दीदी. ही दीदी म्हणजे उत्तरकाशीकडची, चाळिशी ओलांडलेली, वर्षानुवर्षं लोकांना बर्फावर नेऊन परत आणणारी बाई. गेल्या हिवाळ्यात नात तिच्याबरोबर एका लहान शिखरावर गेली होती. उतरताना दोर अडकवण्यासाठी बर्फात भोकं पाडून त्यांतून एक दोरी ओवायची असते. जाड हातमोज्यांत दोरी सापडेना, म्हणून आमच्या बाईसाहेबांनी हातमोजे काढले. बोटांची टोकं पांढरी पडली, मग त्यांतली जाणीवच गेली. आणि ही कुणाला बोलली नाही! सगळी वाट उतरून तळावर आल्यावर चहाचा पेला हातातून सुटला, तेव्हा दीदीला कळलं. बोटं वाचली, कातडी तेवढी सोलून निघाली. दीदीने तेव्हाच सांगून टाकलं होतं: पुढच्या हिवाळ्यात आधी मी तुझे हात बघेन. पटलं तर दोरावर घेईन, नाहीतर तंबूत बसून चहा करायचा.

नातीला चहा करता येत नाही. म्हणजे बघा, प्रसंग किती बाका होता.

आता तुम्ही म्हणाल, अशी पोर या घरात उपजली कुठून? मीही तेच म्हणते. माझ्यावर गेली नाही एवढं नक्की. मी लग्न होऊन दिल्लीत आले ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि आले तीही भर थंडीत. माहेरी सांगलीला थंडी म्हणजे सकाळी अंगावर शाल घ्यायची आणि नऊ वाजता घडी करून ठेवायची. इथे आल्यावर ती नवी नवरी साडीच्या आत तीन स्वेटर घालून हिंडायची. तिन्ही तिथल्याच बाजारातले, तीन रंगांचे. खालून एक डोकावायचा, वरून दुसरा. शेजारच्या पंजाबी भाभी तिला लांबून येताना पाहून म्हणायच्या, "आ गया बिस्तरबंद." आंघोळीला पाणी थोडं कोमट निघालं तरी ही बाई न्हाणीघरातून अशी ओरडायची की आजूबाजूच्या क्वार्टरांतली माणसं बाहेर यायची. मुंगी चावली तरी कॉलनी गोळा. सोसणं हा प्रकार तिच्या गावीच नव्हता.

एकदा आमच्या ह्यांनी तिला हौसेने सिमल्याला नेलं. तिथून घोड्यावर बसवून बर्फात. घोड्यावरून उतरल्यावर तिने बर्फात पहिलं पाऊल टाकलं, ते घोट्यापर्यंत आत गेलं, आणि ती तिथेच फतकल मारून बसली. उठेचना. हे म्हणाले, "अगं, ऊठ, लोक बघतायत."

"बघू देत. मी इथेच मरणार."

"इथे मरायचे जास्त पैसे पडतात," हे म्हणाले.

शेवटी ती बसल्या-बसल्याच घसरत खाली आली, नव्या कांजीवरमसह. आणि सरोजिनी नगरला परतल्यावर पुढे कित्येक वर्षं भिशीच्या बायकांना सांगत राहिली, "आम्ही हिमालयात गेलो होतो तेव्हा..." त्या बाईला मी आज लिफ्टमध्ये भेटले असते, तर पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरला असता.

तर अशा बाईची ही नात. ऑक्टोबरपासून तिची तयारी चालली होती. दिवाळीनंतर दिल्लीची हवा अशी होते की बाहेर पळायला गेलं तर फुफ्फुसांची चूल व्हायची. म्हणून ती पहाटे इमारतीचा जिना चढायची. पाठीवर पोतंभर सामान, पायात ते डोंगरातले टणक बूट. खालच्या मजल्यावरच्या गुप्ताजींनी एकदा वर येऊन मला विचारलं, "आपने ऊपर घोड़ा पाला है क्या?" मी म्हटलं, घोडीच आहे, पण दाणा फार खाते.

बेडरूमच्या दाराला तिने एक लाकडी दांडा बसवला होता. त्याला दोन्ही आइस ॲक्स अडकवून लोंबकळायची. चेहरा लालबुंद, दंडाच्या शिरा तट्ट, आणि तोंडातून हूं की चूं नाही. मी समोर बसून चहा प्यायचे आणि बघायचे. खरं सांगते, असं बघत राहावं असं काही माझ्या आयुष्यात फार थोडं आलं. ती पडायची, परत लटकायची. हात थरथरायला लागले की डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, हे माझ्याच रक्तामांसाचं आहे? हात लावून बघावंसं वाटायचं.

सगळ्यात अवघड होतं ते हातमोज्यांचं. ते हातमोजे म्हणजे बोक्याचे पंजे. ते घालून तिला गाठ मारायची, सोडायची, हूक उघडायचे, बारीक दोरी ओवायची होती. "सवय करायचीय आजी," ती म्हणाली. "दिवसभर घालून राहते आता." रविवारी खरंच दिवसभर घालून बसली. मी काय संधी सोडते? दिल्लीच्या थंडीत घराघरांत मटार सोलायचे ढीग पडलेले असतात. मी तिच्यापुढे परात सरकवली.

"हे काय?"

"सराव. एक शेंग सोलून दाखव, मग हिमालयाच्या गप्पा मार."

पहिल्या शेंगेतले दाणे सोफ्याखाली गेले. दुसरीचा चिखल झाला. मला हसून हसून ठसका लागला. ती हसली नाही, खाली मान घालून सोलत राहिली. संध्याकाळी मी दळण घेऊन परत आले तर परात भरलेली. प्रत्येक शेंग मधोमध उघडलेली, दाणे अख्खे. मी तोंडात बोट घातलं. मग तिने बादलीत बर्फाचं पाणी केलं आणि त्यात हात बुडवून, बाहेर काढून, हातमोजे घालून पुन्हा गाठी मारायला सुरुवात केली.

"दुखत असेल गं," मी म्हटलं.

"चालतं."

तिचं हे 'चालतं' मला लहानपणापासून माहीत आहे. इंजेक्शन दिलं, चालतं. गुडघा फुटला, चालतं. नोकरीत कुणी टाकून बोललं, चालतं. घरात सगळे तिचं कौतुक करायचे, कशी बाई सोशिक पोर. तिचा बाप पुण्याहून फोनवर माझ्यावर चिडायचा, "आई, तू तिला अडवत का नाहीस?" मी सांगायचे, "मला तरी कुठे अडवता आलं होतं तुला, लग्न करताना?" पण फोन ठेवल्यावर मी तिची बोटं बघून यायचे. तिच्या पडण्याची मला तेवढी भीती नव्हती. मला भीती होती ती तिच्या 'चालतं'ची.

असो. तर दीदी रविवारी येणार होती, आणि तिला दाखवण्यासाठी ही बर्फाची लादी. शनिवारी संध्याकाळी ती गच्चीवर एका लाकडी फळीवर उभी करून ठेवली. त्या लादीत नातीने एका बाजूने तिरकं भोक पाडायचं, दुसऱ्या बाजूने दुसरं, दोन्ही आतमध्ये बरोबर भेटली पाहिजेत. एका भोकातून दोरी आत सारायची, दुसऱ्यातून तारेचा आकडा घालून ती बाहेर ओढायची आणि गाठ मारायची. मग त्या दोरीवर अख्ख्या माणसाचा भार सोपवून खाली उतरायचं. माझी परकराची नाडीसुद्धा ओवताना तीनदा आत हरवते.

रविवारी सकाळी नात दीदीला आणायला मेट्रो स्टेशनवर गेली. जाताना म्हणाली, "आजी, लादीकडे लक्ष ठेव. ऊन आलं तर गोणपाट नीट कर. बाकी काही करू नकोस हां."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

धुकं लवकर फाटलं आणि गच्चीवर चांगलं ऊन पडलं. लादी घळाघळा गळायला लागली. फळीखाली थारोळं. माझा जीव वर-खाली. पोरीची तीन महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत गटारात चालली होती. तेव्हा मला आठवलं ते आमचं सांगलीचं आइस्क्रीमचं पॉट. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाकडी बादलीत बर्फ भरायचा, त्यावर मुठीमुठीने खडे मीठ टाकायचं आणि आम्ही भावंडांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा. आई सांगायची, मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो. मग काय! मी लिफ्टने खाली आले, लोणच्यासाठी आणलेली खड्या मिठाची अख्खी पिशवी घेतली आणि गच्चीवर जाऊन लादीला सगळीकडून चोळली. वर गोणपाट घट्ट गुंडाळलं. हात असा काही गारठला की म्हणता सोय नाही. मनात म्हटलं, बघा, शास्त्र आहे.

दोघी आल्या. दीदी ठेंगणी, कणखर, चेहऱ्यावर बर्फातल्या उन्हाने रापलेला रंग. मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "प्रणाम माताजी." माताजी म्हटलेलं मला आवडत नाही, पण परीक्षकाशी कोण भांडतं? नातीने गोणपाट काढलं.

लादीची जाळीची आंबोळी झाली होती. वरून खाली भोकंच भोकं, खाचा पडलेल्या, कडा झिजून बोटभर राहिलेल्या, आणि सगळ्यातून खारट पाणी वाहतंय.

"आजी!" नात ओरडली. "काय केलंस?"

"गार राहावा म्हणून मीठ... पॉटमध्ये आपण..."

"पॉट? कुठला पॉट? आजी, मिठाने बर्फ वितळतो!"

"पण गार होतो ना!"

"गार होतो आणि वितळतो!"

दीदीने बोटाने पाणी चाटून पाहिलं. "नमकीन," ती म्हणाली, आणि मग ती जी हसत सुटली, ती कठड्याला टेकूनच थांबली. नात रडवेली झाली होती. "दीदी, अगले संडे दूसरी सिल्ली मँगवा लूँगी."

दीदीने डोळे पुसले. "क्यों? ऊपर क्या हर जगह फैक्ट्री की बर्फ मिलेगी? सड़ी हुई भी मिलेगी. इसी पर करो."

मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. वर्षभर धरून ठेवलेलं पोरीचं स्वप्न मी लोणच्यासारखं खारवून ठेवलं होतं.

पण नातीने एकदा नाक ओढलं, हातमोजे चढवले आणि लादीपुढे गुडघे टेकले. आइस ॲक्सच्या टोकाने ती बर्फावर ठिकठिकाणी टकटक करायला लागली. कान लावून. आमच्याकडे नारळ घेताना वाजवून बघतात तसं. वरच्या अंगाला आवाज पोकळ, भद्‌भद्. खालच्या एका बाजूला मात्र टणत्कार. ती तिथे थांबली. मग तिने तो जाळीदार भाग तासायला घेतला. खपल्या उडत होत्या. घाई नाही, वैताग नाही. तासता तासता आतून निळसर, घट्ट, एकसंध बर्फ उघडा पडला. दीदी हसायची थांबली होती. हात मागे बांधून बघत होती.

नातीने पोकळ नळीसारखा स्क्रू लावला आणि फिरवायला लागली. ते मिठाचं पाणी तिच्या हातमोज्यांवरून ओघळत होतं. साधं पाणी नव्हतं ते, बर्फापेक्षा गार झालेलं, माझ्या कृपेने. हातमोजे आतपर्यंत भिजले. पहिलं भोक झालं. दुसरं तिरकं धरलं, एक डोळा मिटून अंदाज घेतला, फिरवलं. दोन्ही आत भेटली. मी टाळी वाजवणार होते, पण दीदीने हात वर केला.

आता दोरी. दोरी आत गेली, आकडा घातला. सापडेना. पुन्हा घातला. पुन्हा नाही. तिचे ओठ घट्ट मिटले. तो चेहरा मला ठाऊक होता. 'चालतं'चा चेहरा. आता ही हातमोजा काढणार, किंवा दात-ओठ खाऊन तशीच रेटणार, असं मला वाटलं आणि मी देवाचं नाव घेतलं.

तिने आकडा खाली ठेवला. उभी राहिली. दीदीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "दीदी, दाएँ हाथ की दो उँगलियाँ सुन्न हैं. मैं रुक रही हूँ."

झालं, संपलं, मला वाटलं. मी कट्ट्यावरून उठून माझ्या दिव्य हिंदीत सुरू केलं, "देखिए, नमक मैंने डाला, इसमें लड़की का कुछ चूक नहीं, मार्क काटना है तो मेरा..."

"माताजी, आप ज़रा बैठिए," दीदी म्हणाली. मी बसले.

नात तोवर दोन्ही हात गोफणीसारखे गोल फिरवत होती, जोरजोरात. मग ओले हातमोजे काढून तिने जॅकेटच्या आतले कोरडे घातले आणि हात काखेत दाबून धरले. तोंडाने आई गं, आई गं चाललं होतं, कारण बोटांत रक्त परत येतं तेव्हा मरणाच्या कळा येतात म्हणे. इतकी वर्षं मी त्या पोरीच्या तोंडून 'आई गं' ऐकलं नव्हतं. कानाला असं गोड लागलं म्हणून सांगू! मग ती म्हणाली, "आ गयीं, दीदी," आणि परत गुडघ्यांवर बसली. आकडा घातला, हलकेच वळवला, आणि दोरीचं टोक दुसऱ्या भोकातून उंदराच्या शेपटीसारखं बाहेर आलं. गाठ मारली. दीदीने दोरी कंबरेला अडकवून, पाय रोवून, मागे झुकून सगळा भार टाकला. फळीसकट लादी फरशीवर घसरली, पण दोरी निघाली नाही आणि बर्फही फुटला नाही.

दीदीने दोरी सोडली. नातीच्या डोक्यावर एक टप्पल मारली. "यही सुनना था मुझे. पिछले साल." मग सामान आवरता आवरता, जणू भाजीला जायचं ठरतंय अशा आवाजात, "दस्ताने एक जोड़ी और रखना."

आणखी एक हातमोज्यांचा जोड, एवढंच. नातीला दोरावर घेतल्याचं हे सांगणं होतं, हे मला जेवायला बसल्यावर कळलं.

जानेवारीत ती गेली. डोंगरात फोन लागत नाही. ती पहाटे जिना चढत नसल्याने घर इतकं शांत होतं की गुप्ताजीच चौकशी करून गेले. मी टीव्हीवर हवामान बघायचे, आणि बघून घाबरायचे, आणि परत बघायचे. मग एका दुपारी मी भाजी निवडत असताना फोन वाजला. वाऱ्याचा आवाज, मागे कुत्रं भुंकतंय.

"आजी, खाली आलो. रस्त्यावरच्या गावात आहोत."

"चढलात?"

"भिंत चढलो. सगळी. शिखर राहिलं. वरच्या कडेला वारा फार होता, माझी बोटं पुन्हा जायला लागली. मी म्हटलं, दीदी, वळू या."

"तू म्हटलंस?"

"मीच. दीदी लगेच वळली. शिखर समोर दिसत होतं गं."

मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला. शिखर समोर दिसत असताना तोंड उघडून 'वळू या' म्हणायला काय लागतं, ते मला विचारू नका. मला त्यातलं काय कळतं? पण माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली होती एवढं खरं.

"बोटं?" मी विचारलं.

"आहेत. सगळी आहेत. उद्या संध्याकाळी पोचते. वरणभात कर आजी, चमचा ठेवू नकोस. हाताने कालवून खायचाय."